देवळालीचा मासा : नावातील प्रथमा आणि षष्ठी

पदव्युत्तर वर्गात व्युत्पत्ती शिकवताना आमची उदाहरणे ठरलेली असतात. 'हस्त'वरून 'हात', 'कर्ण'वरून 'कान', 'मत्स्य'वरून 'मासा'. टिपणवह्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत आणि प्रश्नपत्रिकेतही तीच येतात. एकदा या शेवटच्या उदाहरणापाशी दारणाकाठच्या गावातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मासा कळला. पण माशांची नावे कुठून येतात? आमच्या नदीतल्या माशांची?"

रोहूपुरते उत्तर आम्ही दिले. संस्कृतात 'रोहित' म्हणजे तांबूस. त्याचाच रोहू झाला. पण रोहू हा मुळात उत्तरेकडच्या नद्यांतला मासा. आपल्या धरणांत तो बीज सोडून वाढवला जातो. विद्यार्थ्याने विचारले होते ते त्याच्या नदीविषयी, आणि त्या नदीतल्या माशांची नावे आमच्या टिपणवहीत नव्हती. कोश उघडावा तर तिथे 'एक प्रकारचा मासा' ही ओळ वारंवार भेटते. अर्थ म्हणून ती चुकीची नाही, पण तिच्यावरून मासा ओळखता येत नाही आणि नावही उलगडत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हांला उशिरा सापडलेले, तेही अर्धेच, उत्तर आहे.

दारणा ही गोदावरीची उपनदी. इगतपुरी तालुक्यातील सह्याद्रीच्या रांगेत ती उगम पावते, देवळालीच्या बाजूने वाहत जाते आणि निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्यावरचे धरण १९१६ साली पुरे झाले. नाशिककर तिला ओळखतात ते धरणातील साठ्यावरून, पाण्याच्या आवर्तनांवरून. प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र तिची ओळख वेगळी आहे. एखाद्या जातीचे पहिले वर्णन ज्या नमुन्यावरून झाले, तो नमुना जिथे सापडला ते ठिकाण त्या जातीच्या नोंदीत कायमचे लिहून ठेवतात. दारणेचा देवळालीजवळचा पट्टा असा तीन माशांच्या नोंदीत आहे. १९३५ साली सुंदरलाल होरा यांनी येथील एका माशाला 'डॅनिओ फ्रेसेरी' असे नाव दिले. आज त्याची गणना 'देवारिओ' या प्रजातीत होते. पुढे १९३८ साली होरा आणि के. एस. मिश्र या दोघांनी मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'देवळालीचे मासे' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आणखी दोन नव्या जाती जाहीर केल्या. एक 'पुंटिअस फ्रेसेरी' आणि दुसरी 'पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी'.

यांतील शेवटचा मासा आमच्या लेखाचा विषय आहे. तो लहानसा असून डोंगरी ओढ्यांच्या वेगवान पाण्यात दगडगोट्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या गटातला आहे. इंग्रजी याद्यांत त्याचे नाव 'देवळाली मिनो' असे आढळते. 'मिनो' हा इंग्रजीत कुठल्याही चिमुकल्या माशाला सहज लावला जाणारा शब्द. म्हणजे त्या नावात अर्थ सांगणारे पद एकच उरते, ते म्हणजे देवळाली. त्याच्या सोबतच्या 'पुंटिअस फ्रेसेरी'ला याद्यांनी नदीचे नाव दिले, पण देताना हिज्जे असे केले की 'दारणा'चे 'धरणा' झाले. ज्या नदीवर इतकी वर्षे धरण उभे आहे तिच्या बाबतीत ही चूक अगदीच अस्थानी म्हणवत नाही.

देवळाली हे गावाचे नाव परभाषेत जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. जहाजे वर्षाच्या ठराविक महिन्यांतच निघत, त्यामुळे ज्याचा हंगाम चुकला त्याला महिनोन्‌महिने काहीही काम नसताना पडून राहावे लागे. ऊन, कंटाळा, दारू आणि ताप यांनी माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. फ्रँक रिचर्ड्‌स या शिपायाने आपल्या १९३६ सालच्या आठवणींत या छावणीविषयी लिहिले आहे. त्या शिपायांच्या बोलीत 'देवळाली'चे 'डूलॅली' झाले आणि 'डूलॅली टॅप' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. इंग्रजी कोशांत 'डूलॅली'चा अर्थ आजही 'डोके फिरलेला' असाच मिळतो. आपल्या कानाला ज्या नावात देऊळ ऐकू येते, त्याचा दुसऱ्या भाषेत वेडाशी संबंध जुळला. शब्दाचा प्रवास माणसांच्या गरजेप्रमाणे होतो, मूळ अर्थाला विचारून होत नाही, हे वर्गात सांगण्यासाठी यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हांला नाशिकात मिळालेले नाही.

आता माशाच्या शास्त्रीय नावाकडे वळू. अशा नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. पहिल्या भागातील 'प्सिलोस' म्हणजे ग्रीक भाषेत उघडे, गुळगुळीत. 'ऱ्हिंकस' म्हणजे तोंडाचा पुढे आलेला भाग, मुस्कट, नाक म्हटले तरी चालेल. आणि 'पॅरा' म्हणजे जवळचा. 'गुळगुळीत नाकवाल्याच्या जवळचा' असा एकूण अर्थ होतो. हा 'जवळचा' कुठून आला? नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ साली खंडाळ्याच्या ओढ्यातील एका माशाचे वर्णन 'प्सिलोरिंकस' या आधीच ठाऊक असलेल्या प्रजातीत केले होते. १९२१ साली होरांनी दाखवले की तो त्या प्रजातीत बसत नाही. त्याच्यासाठी त्यांनी नवी प्रजाती केली आणि जुन्या नावाला 'पॅरा' हा उपसर्ग लावला. नावातील हा उपसर्ग म्हणजे एका दुरुस्तीची खूण आहे. 'उपनदी', 'उपकथानक' या शब्दांतील 'उप'सारखाच तो काम करतो.

नावाच्या दुसऱ्या भागात आम्हां भाषेच्या शिक्षकांना अधिक रस आहे, कारण तिथे व्याकरण आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार जातीचे नाव साधारणपणे तीन प्रकारांनी येते. पहिला प्रकार विशेषणाचा. अ‍ॅनंडेल यांच्या खंडाळ्याच्या माशाचे नाव 'टेंटॅक्युलेटस', म्हणजे मिशा असलेला. दुसरा प्रकार षष्ठीचा. माणसाच्या नावाला लॅटिन षष्ठीचा 'ई' हा प्रत्यय लावायचा. 'प्रेटेरी' म्हणजे प्रेटरचा, 'फ्रेसेरी' म्हणजे फ्रेझरचा. तिसऱ्या प्रकारात एक नाम दुसऱ्या नामाशेजारी प्रथमेत ठेवतात, विभक्तीचा कोणताही संबंध न जोडता. 'गोदावरी नदी' म्हणताना आपण जसे करतो तसे. दारणेचे तिन्ही मासे षष्ठीतले आहेत. दोन फ्रेझरचे, एक प्रेटरचा.

हे दोघे कोण होते? ए. जी. एल. फ्रेझर हे मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे. देवळालीला मासे गोळा करून त्यांनीच ते अभ्यासासाठी दिले. पुढे १९४२ साली पुण्याच्या माशांवरही त्यांनी लिहिले. स्टॅन्ले हेन्री प्रेटर (१८९०–१९६०) हे त्याच सोसायटीचे दीर्घकाळ क्युरेटर. भारतीय सस्तन प्राण्यांवरचे त्यांचे १९४८ सालचे पुस्तक अजूनही अभ्यासकांच्या हाती असते. प्रेटर हे अँग्लो-इंडियन समाजाचे पुढारी होते, मुंबईच्या विधिमंडळात होते आणि भारताच्या संविधान सभेचे सदस्यही होते. नाव इंग्रजी दिसले म्हणून ते केवळ राज्यकर्त्यांच्या नोंदवहीतले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. नाव देणारे होरा हे तर पंजाबात जन्मलेले, कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत घडलेले आणि १९४७ नंतर त्या संस्थेचे संचालक झालेले शास्त्रज्ञ. दारणेच्या माशाचे नाव म्हणजे परक्यांनी केलेला अन्याय, अशी सोपी मांडणी येथे टिकत नाही. ते एका सहकाऱ्याने दुसऱ्याचे मानलेले आभार आहेत, आणि शास्त्रात तशी प्रथा आहे.

तरीही षष्ठी ही षष्ठीच. 'प्रेटरचा' या शब्दातून माशाविषयी काहीच कळत नाही. त्याचा रंग, त्याची खोड, तो कोणत्या पाण्यात सापडतो, त्याला धरायला कोण जातो, यांतले काहीही त्या नावात नाही. हे वेगळ्या रीतीने होऊ शकले असते का, असा प्रश्न आम्हांला पडला. तेव्हा लक्षात आले की ते शंभर वर्षे आधी, याच दख्खनच्या पठारावर, होऊन गेले होते.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील अधिकारी. १८२४ पासून काही वर्षे ते दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर होते. जमीनधारा, पिके, हवामान यांच्या जोडीने त्यांनी पशुपक्षी आणि मासेही पाहिले. त्यांच्या दख्खनच्या माशांवरील निबंधातील वर्णने १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीमार्फत प्रसिद्ध झाली. या निबंधात साइक्स यांनी अनेक माशांची मराठी नावे जशीच्या तशी लॅटिन नावाच्या जागी बसवली. मुल्ल्या, खुद्री, कोलुस, बोग्गुत, फुलंगी, कवरुस, पोतेल, नुक्ता अशी ती आज याद्यांत वाचली जातात. 'रोहती' हा शब्द तर त्यांनी प्रजातीचे नाव म्हणूनच घेतला. दख्खनी महासीर या नामांकित माशाचे जगभरचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' हे या निबंधातूनच आलेले आहे. गंगेच्या माशांवर लिहिताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ सालच्या ग्रंथात बंगाली नावांचे असेच केले होते. रोहिता, कतला ही नावे त्या ग्रंथातून शास्त्रात गेली. फ्रेझरच्या माशाला आज लागलेले 'देवारिओ' हे प्रजातिनामही हॅमिल्टन यांनी घेतलेल्या बंगाली नावावरून आलेले आहे. साइक्स यांनी काही माशांना विलायतेतील विद्वानांचीही नावे दिली, हे सांगितले पाहिजे. पण जिथे त्यांनी मराठी शब्द ठेवला तिथे तो प्रथमेत ठेवला. तिथला मासा कुणाचा नाही, तो 'मळ्या' आहे.

मात्र 'मळ्या' असे आम्ही सहज लिहिले, तेवढे ते सहज नाही. साइक्स यांनी ही नावे रोमी लिपीत उतरवली, आणि तीही त्या काळच्या इंग्रजी कानाने. नावांतून मराठी परत मिळवायची तर आधी त्यांचे हिज्जे वाचायला शिकले पाहिजे. त्याची किल्ली त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे. 'दख्खन' हा शब्द त्यांनी लिहिला तो दोन्ही ठिकाणी 'यू' हे अक्षर घालून. आजच्या सवयीने वाचला तर तो 'दुखुन' होईल. म्हणजे साइक्स यांच्या लेखनात 'यू' बहुधा ऱ्हस्व 'अ'साठी येतो. ही किल्ली फिरवली की 'मुल्ल्या'चे 'मल्या' किंवा 'मळ्या' होते, 'फुलंगी'चे 'फलंगी' होण्याचा संभव दिसतो, आणि 'खुद्री' हे 'खदरी' किंवा 'खडरी' असे काही असावे असे वाटू लागते.

याच किल्लीने आम्हांला सर्वांत आनंद दिला तो 'नुक्ता' या नावात. आज हा शब्द पाहिला की कोणालाही उर्दूतील नुक्ता, अक्षराखालचा ठिपका आठवतो, आणि या माशाच्या अंगावर ठिपका शोधण्याचा मोह होतो. पण 'यू'च्या जागी 'अ' वाचा. शब्द होतो 'नकटा'. आता मासा पाहा. कृष्णेच्या खोऱ्यातील हा मासा ओळखला जातो तो त्याच्या मुस्कटावरील खोल खाचेमुळे. वरून कुणी वार केल्यासारखा तो भाग दुभंगलेला दिसतो. १८५५ साली डच शास्त्रज्ञ ब्लेकर यांनी केलेल्या ज्या प्रजातीत हा मासा पुढे घातला गेला तिचे नाव 'स्किस्मॅटोरिंकस'. ग्रीकमध्ये 'स्किस्मा' म्हणजे भेग, आणि 'ऱ्हिंकस' तर आपण वर पाहिलाच. प्रजातीचे नाव 'चिरलेल्या नाकाचा' आणि जातीचे नाव 'नकटा'. नदीवरच्या माणसाने मराठीत जे पाहिले, तेच विद्वानाने ग्रीकमध्ये पाहिले. दोघांची निरीक्षणे एका नावात शेजारी शेजारी उभी आहेत आणि त्यांतले मराठी निरीक्षण आधीचे आहे.

नाशिकच्या वाचकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल. शूर्पणखेचे नाक येथे कापले गेले म्हणून नासिका, नासिकेवरून नाशिक, ही कथा पंचवटीत लहानपणापासून कानांवर पडते. नऊ शिखरांवरून 'नवशिख' आणि त्यावरून नाशिक अशीही एक उपपत्ती सांगतात. पांडवलेण्यांतील सातवाहन राजा कण्हाच्या काळच्या शिलालेखात हे नगरनाम आलेले आहे, म्हणजे कथा कोणतीही असो, नावाला दोन हजार वर्षे झाली आहेत. त्या नावाचे मूळ नाकात आहे की शिखरांत, हा वाद येथे नको. आम्हांला एवढेच दिसते की माणसे गावाला असो वा माशाला, नाव देताना आधी चेहऱ्याकडे पाहतात, आणि चेहऱ्यात नाकाकडे. मराठीत नकट्यांवर म्हणी काही कमी नाहीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात ती उगाच नव्हेत. एका माशाला 'नकटा' म्हणणारा कोळी किंवा भोई हा याच म्हणींच्या भाषेत बोलत होता.

साइक्स यांच्या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. रोमी लिपीत 'ल' आणि 'ळ' एकाच अक्षरात विलीन होतात. 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांचेही तेच. त्यामुळे 'मल्या' की 'मळ्या', 'कोलस' की 'कोळस', हे कागदावरून ठरत नाही. 'पोतेल' या नावाचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत गावचा 'पाटील' जसा लिहिलेला सापडतो, अगदी त्याच हिज्ज्यांनी साइक्स यांनी हा मासा लिहिला आहे. मग हा माशांतला पाटील म्हणायचा, की त्याच्या पोटावरून पडलेले हे काही निराळेच नाव? पाटलाचा तर्क आम्हांला आवडतो, परंतु आवडणे हा व्युत्पत्तीतला पुरावा नव्हे. पुरावा एकच, तो शब्द अजून कोणाच्या तोंडी असेल तर त्याच्या तोंडून ऐकणे. लॅटिन नावांत जपले गेलेले हे मराठी शब्द शिलालेखातील झिजलेल्या अक्षरांसारखे आहेत. ते आहेत म्हणून वाचता येतात, पण वाचायला बोलणारी जीभ लागते.

आता पुन्हा देवळालीकडे. होरा आणि मिश्र दारणेच्या माशांना नावे देत होते ती वर्षे १९३५ ते १९३८. मराठीच्या विद्यार्थ्याला ही वर्षे वेगळ्या कारणाने पाठ असतात. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पुण्यातून खंडाखंडाने प्रसिद्ध होत होता तो काळ १९३२ ते १९३८. मराठीचा सर्वांत मोठा शब्दसंग्रह पुरा होत असताना, नाशिक जिल्ह्यातील नदीतले तीन मासे जगाच्या यादीत प्रथमच दाखल होत होते. एकीकडे शब्द गोळा करणारे, दुसरीकडे मासे गोळा करणारे. कोशाने शब्द घेतला तेव्हा मासा दाखवला नाही आणि शास्त्राने मासा घेतला तेव्हा शब्द विचारला नाही. दोन्ही कामे आपापल्या जागी मोलाची होती, पण त्यांची गाठ पडली नाही. 'प्रेटेरी' या नावात मराठी शब्द नाही याचे कारण आम्हांला एका माणसाच्या वृत्तीपेक्षा या न पडलेल्या गाठीत दिसते.

असे म्हणण्यास आधार आहे तो खुद्द होरांच्या पुढील लेखनाचा. हा शास्त्रज्ञ भाषेविषयी उदासीन नव्हता. प्राचीन भारतीयांना माशांविषयी काय ठाऊक होते यावर त्यांनी लेखमाला लिहिली. कौटिल्याचे अर्थशास्त्र, अशोकाचा पाचवा स्तंभलेख यांच्याकडे ते एका मत्स्यशास्त्रज्ञाच्या नजरेने गेले. १९५१ साली त्यांनी लिहिले ते 'मानसोल्लासा'तील मत्स्यविनोद या प्रकरणावर. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ. मराठीच्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असतो, कारण मराठीच्या आरंभकाळाची चर्चा करताना त्यातील मराठी पदांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याच ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीचे प्रकरण आहे आणि त्यात तिसाहून अधिक माशांची नावे आहेत. आम्ही या ग्रंथाकडे गाण्यांसाठी गेलो, होरा माशांसाठी गेले. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला माशांची नावे ग्रंथात घालण्याजोगी वाटली, हे आम्हांला एका मत्स्यशास्त्रज्ञाच्या लेखावरून कळावे, याचा थोडा संकोच वाटतो.

हे सर्व केवळ शब्दांचे कुतूहल राहिले असते तर लेख येथेच संपला असता. परंतु माशाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा जो आढावा २०११ साली प्रसिद्ध केला, त्यात 'पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी' अतिसंकटग्रस्त ठरवला गेला. निसर्गातून नामशेष होण्याच्या अलीकडची ही शेवटची पायरी. डोंगरी ओढ्यातील माशाला वाहते, स्वच्छ, दगडगोट्यांचे पाणी लागते. बांध पडले की पाणी थांबते, वाळू आणि गोटे उपसले की आसरा जातो, सांडपाणी आले की श्वास कोंडतो आणि बाहेरून आणलेले मासे सोडले की उरलेली जागाही जाते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील बहुतेक नद्यांची ही कहाणी आहे. यादीत 'देवळाली मिनो' हे नाव राहील, 'प्रेटरचा' ही षष्ठीही राहील. ज्याच्यासाठी ती षष्ठी योजली, ते नामच नाहीसे होण्याची वेळ आलेली आहे.

आणि मासा जातो तेव्हा बोलीतले नाव त्याच्याही आधी जाते. पहिल्या पावसात ओढ्याला उलटे पाणी चढू लागले की 'चढणीचे मासे' धरायला निघणारी माणसे घाटाखालीही आहेत आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातही आहेत. बोटाएवढ्या माशांतही त्यांना भेद दिसतो, आणि भेद दिसला की नाव येतेच. बाजारात मात्र रोहू, कटला, मृगळ यांची चळत लागते आणि बाकी सगळा माल 'बारीक मासळी' या एका नावाखाली टोपलीत जातो. एकदा वेगळेपणाने विकले जाणे थांबले की वेगळेपणाने बोलणेही थांबते. नातवाला आजोबांच्या तोंडचे नाव ऐकू येत नाही, कारण आजोबांना ते उच्चारण्याचा प्रसंगच येत नाही.

शास्त्रीय नाव बदलावे असे आमचे म्हणणे नाही. ते बदलता येत नाही. आधी दिलेले नाव टिकते हा त्या शास्त्राचा नियम आहे आणि तो चांगला आहे. प्रेटर यांची षष्ठी त्यांना लखलाभ असो. आमचे म्हणणे आमच्याच विषयाविषयी आहे. दरवर्षी पदव्युत्तर वर्गात बोलीभाषांवर प्रकल्प लिहून घेतले जातात. त्यांत नातेसंबंधांचे शब्द येतात, शेतीची अवजारे येतात, म्हणी आणि उखाणे तर हटकून येतात. माशांची नावे सहसा येत नाहीत. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बऱ्याचशा घरांत नदीतला मासा शिजत नाही, हे त्याचे एक कारण असावे. ते मान्य करून पुढे जाणे बरे. ज्याच्या घरी मासा शिजतो तो विद्यार्थी वर्गात बसलेला आहे, त्यानेच तर प्रश्न विचारला होता.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आम्ही अखेर उत्तराऐवजी काम दिले. दारणेच्या काठाने जा. जे जाळे टाकतात त्यांच्याकडे बस. टोपलीतला प्रत्येक मासा वेगळा करून त्याचे नाव विचार आणि ऐकलेस तसे देवनागरीत लिही. 'ल' की 'ळ', 'त' की 'ट' हे नीट ऐक, कारण साइक्ससाहेबाला ते लिहिता आले नाही आणि तुला येते. माशाचे छायाचित्र घे, जिवंत असेल तर पाण्यात सोड आणि ते छायाचित्र प्राणिशास्त्र विभागात दाखव. दोन विभागांमध्ये एक व्हरांडा आहे, तो ओलांडायला १९३८ पासून कोणाची मनाई नव्हती.

वही अजून भरलेली नाही. पण तिच्या पहिल्या पानावर आम्ही चार रकाने आखून दिले आहेत. मासा, गाव, सांगणाऱ्याचे वय, आणि नाव. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर कंसात एक सूचना आहे, 'प्रथमेत लिहावे'.